आईचा उंबरठा

आज आईची कानाची तपासणी केली. काचेच्या छोट्या खोलीत कानावर हेडफोन लावून ती बसली होती, हातात एक बटण. आवाज ऐकू आला की दाबायचं. मी बाहेरून बघत होते. डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ती इतकं मन लावून ऐकत होती की माझाच श्वास अडकला.

ऑडिओलॉजिस्ट म्हणाल्या, "थ्रेशोल्ड ४५ डेसिबलला आहे." म्हणजे काय, ते नीट समजावूनही सांगितलं. ज्या सगळ्यात हळू आवाजाला निम्म्या वेळा तरी बटण दाबलं जातं, तो त्या माणसाचा उंबरठा. साधारण २५ च्या आत असला तर ठीक.

रिक्षात बसल्यावर तोच शब्द डोक्यात. बारावीच्या फिजिक्समध्येही होता तो. ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या खालचा प्रकाश कितीही प्रखर असू दे, धातूतून एकही इलेक्ट्रॉन सुटत नाही. जर्मनीत संसदेत जायला पक्षाला साधारण ५ टक्के मतं लागतात, तोही उंबरठाच. आणि बाबांच्या पेन्शनसाठी आईने वर्षभर झिजवले ते वेगळे.

नरसिंह हिरण्यकश्यपूला घेऊन बसला तो उंबरठ्यावर, ना घरात ना बाहेर. ही गोष्ट मला आईनेच सांगितली, शेजारी बसून, कुजबुजत. ती कुजबुज आता तिला ऐकू येत नाही.

घरी आलो. चप्पल काढून ती आधी उंबरठ्यापाशी वाकली, सकाळची पुसट झालेली रांगोळी बोटाने नीट केली.

"आई, जरा थांब," मी म्हटलं. मग पुन्हा, मोठ्याने.