मध्यरात्रीला ८९ सेकंद

डूम्सडे क्लॉक, म्हणजे जगाचा विनाश किती जवळ आलाय हे दाखवणारं प्रतीकात्मक घड्याळ. त्याचा काटा १९४७ ला मध्यरात्रीच्या सात मिनिटं आधी होता. १९५३ ला, हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनंतर, दोनच मिनिटं उरली. आयर्न मेडन या हेवी मेटल बँडचं १९८४ चं ‘टू मिनिट्स टू मिडनाइट’ हे गाणं त्यावरूनच. जानेवारी २०२५ मध्ये उरले ८९ सेकंद.

ही धास्ती मेटलइतकी नेमकी कुणीच वाजवत नाही. सगळी जादू सा आणि तीव्र मध्यमात. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडा, मग तिचाच सहावा पडदा. तळहाताची कड ब्रिजवर, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या पट्टीवर, जेमतेम टेकवा. पुढे सरकली की सूर मरतो.

बीड-लातूरकडे मे महिन्यात गिटारचा अँप घरघरतो, तारेला हात लावला की झिणझिण्या येतात. तेव्हा पिकअप (गिटारमधला तारांचा आवाज पकडणारा भाग) उघडत बसू नका, वाजवणं थांबवून आधी अर्थिंगचा खड्डा बघा. बहुतेकदा तो कोरडा ठणठणीत असतो. दोन बादल्या पाणी ओता, तरीही झिणझिण्या राहिल्या तर वायरमनला बोलवा.