उलटं बुजगावणं

आप्पा तीन महिन्यांसाठी आमच्याकडे लिंकनला आले, तेव्हा लंडन दाखव म्हणून त्यांनी एकदाही म्हटलं नाही. "हितली शेती दाव," एवढंच त्यांचं मागणं. मोहोळकडच्या कोरडवाहू रानात मालदांडी ज्वारी करण्यात त्यांची हयात गेली. इथे थंडीत खिडकीशी बसून काढलेले दिवस त्यांना जड जात होते ते मला दिसत होतं. माझ्या ऑफिसातल्या एकाच्या सासऱ्यांची लाउथजवळ शेती आहे. त्याच्याकडे विषय काढला, तर सासरेबुवांचाच निरोप आला : फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी मुक्कामाला या, पारव्यांनी पीक धुऊन न्यायला घेतलंय, चार हात जास्त असले तर बरंच.

लिंकनहून ए-१५८ ने रॅग्बी आणि तिथून ए-१५७ ने लाउथ. गाव यायच्या आधी सेंट जेम्स चर्चचा निमुळता मनोरा दिसतो, चांगला ८७ मीटर उंच. गावाच्या अलीकडे लिंकनशायर वोल्ड्सच्या टेकड्या. डोंगर म्हणवत नाहीत, इतक्या गोल आणि बुटक्या, आणि पोटात सगळा खडूचा दगड. नांगरलेल्या रानात पांढरे खडे वर आलेले. गाडीतून उतरल्या उतरल्या आप्पांनी त्यातला एक उचलला, तळहातावर झेलून वजन बघितलं आणि खिशात टाकला. का ते मी विचारलं नाही.

पीक होतं ऑइलसीड रेपचं. आपल्या मोहरीच्या कुळातलं, ऑगस्टच्या अखेरीस पेरायचं, एप्रिल-मे महिन्यात सगळा मुलूख पिवळाजर्द होतो तो याच फुलांनी. फेब्रुवारीत ते जेमतेम वीतभर असतं. वरच्या अंगाला हिरवंगार, पण रानाच्या झाडीकडच्या कोपऱ्यात एकरभर जागेत पानांच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या. आप्पा तिथे उकिडवे बसले आणि बराच वेळ उठले नाहीत. "शेंडाच खाल्लाय रं," म्हणाले. सासरेबुवांना भाषा कळली नाही, पण मान त्यांनी बरोबर जागी हलवली.

हे पारवे म्हणजे आपल्या इमारतींच्या सज्जावर घुमणारे नव्हेत. हा वुडपिजन. अंगाने थोराड, अर्ध्या किलोचा, मानेच्या बाजूला पांढरा डाग आणि पंख उघडला की त्यावर ठसठशीत पांढरा पट्टा. (सह्याद्रीच्या दाट जंगलातला नीलगिरी रानपारवा याचाच भाऊबंद. त्याच्या शास्त्रीय नावात मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन अजून नांदताहेत.) पूर्वी हिवाळ्यात याची उपासमार व्हायची. १९७० नंतर रेपचं पीक पसरलं आणि ऐन थंडीत त्याला हिरवं ताट वाढून मिळालं. आता ब्रिटनमध्ये त्यांच्या पन्नास लाखांच्या आसपास जोड्या आहेत.

मारायचे म्हणजे मनाला येईल तसे नाही. १९८१ च्या वन्यजीव कायद्याने इथले सगळेच रानपक्षी संरक्षित आहेत. पिकाचं गंभीर नुकसान टाळायला जीएल ४२ नावाचा सर्वसाधारण परवाना असतो, त्याच्या अटींत बसूनच बंदूक उचलायची. आधी हुसकावून बघायचं ही त्यातलीच अट. सासरेबुवांनी ते सगळं केलेलं होतं. शेतात गॅसची तोफ होती, ठरावीक वेळाने धडाम वाजायची. घारीच्या आकाराचा पतंग होता. तोफ वाजली की पारवे हातभर उडायचे आणि पुन्हा तिथेच, तोफेच्या शेजारी, चरायला बसायचे.

दुपारी आम्ही शेडमध्ये गेलो. खरं सांगायचं तर या दोन दिवसांतला माझा सगळ्यात आनंदाचा वेळ तोच. इथल्या शिकारीच्या दुकानात प्लास्टिकचे तयार पारवे मिळतात. त्यांना डिकॉय म्हणतात. सासरेबुवांचा त्यावर विश्वास नाही, निम्म्यांना चकाकी फार असते म्हणतात. त्यांचे जुने डिकॉय दुधाच्या बाटल्यांचे. इथे चार पाइंटची, म्हणजे सव्वादोन लिटरची प्लास्टिकची बाटली घरोघरी येते. ती उभी चिरायची ती अशी, की बाटलीचा एक कोपरा पारव्याच्या पाठीचा कणा होईल. मुठीचा भाग काढून टाकायचा. डोकं आणि मान वेगळी कापून स्टेपलने जोडायची. मग पॉलिश पेपरने सगळं खरवडून काढायचं, कारण या प्लास्टिकवर रंग धरत नाही, पापुद्रे निघतात. त्यावर अस्तर, त्यावर राखाडी रंग. तो मॅटच हवा. उन्हात एक जरी डिकॉय चमकला तरी थवा शंभर मीटरवरून वळतो. छातीला किंचित गुलाबी झाक, शेपटीच्या टोकाला काळपट पट्टी आणि सगळ्यात शेवटी मानेवर पांढरा डाग. पाठीला भोक पाडून ते हेझलच्या लवचीक काठीवर टेकवलं, की वाऱ्यावर ते हलकेच डुलतं.

आप्पांच्या गळ्यात माळ आहे. फ्रीझरमधून गेल्या आठवड्यात मारलेले पारवे बाहेर आले, तेव्हा ते दोन पावलं मागे सरले. खऱ्या पाखरासारखा डिकॉय नाही, म्हणून मारलेलेच पारवे हनुवटीखाली काटकी टेकवून, मान उभी करून शेतात बसवतात. त्याला आप्पांनी हात लावला नाही. बाटल्यांचं काम मात्र त्यांनी ओढून घेतलं. चार-पाच माना झाल्यावर थांबले आणि मला म्हणाले, "त्यांना सांग, समद्यांची मुंडी वर हाय. मुंडी वर केलेलं पाखरू भ्यालेलं असतं. चरणाऱ्याची मुंडी खाली पायजे." मी भाषांतर केलं. सासरेबुवांनी हातातला ब्रश खाली ठेवला, आप्पांकडे बघितलं आणि उरलेल्या बाटल्या त्यांच्यासमोर सरकवल्या. त्या दिवशी अठरा पारवे झाले, त्यातले तेरा मान खाली घातलेले.

"माझ्या जन्मात मी पाखरं भिवावायला बुजगावणी केली," आप्पा म्हणाले, "ह्ये उलटं बुजगावणं."

शेडच्या कोपऱ्यात फिरकी होती. बाजारातल्या यंत्राला मॅग्नेट म्हणतात, ही घरची. भंगारातल्या गाडीच्या वायपरची मोटर, तिला बारा व्होल्टची बॅटरी, वर दोन लांब लोखंडी सळ्या आणि सळ्यांच्या टोकांना पंख पसरलेला एकेक मेलेला पारवा. वायपरचीच मोटर का, तर ती जोरात जमिनीवर उतरणाऱ्या पाखराच्या चालीने फिरते. जास्त वेग दिला तर पारवा भिरकावल्यासारखा दिसतो. पंखावरचा पांढरा पट्टा लुकलुकला, की अर्ध्या मैलावरच्या पारव्याला वाटतं, तिथे आपली माणसं जेवायला बसताहेत. पण एकदा फिरकीवरून गोळी खाऊन सुटलेलं पाखरू पुढच्या खेपेला तिला बघूनच उलटं फिरतं. तसं दिसलं की ती मुकाट्याने बंद करायची.

संध्याकाळी सासरेबुवा दुर्बीण घेऊन पाहणीला निघाले. डिकॉय किती का चांगला असेना, पाखराच्या रोजच्या वाटेखाली नसेल तर फुकट जातो. हॅम्पशायरमध्ये आर्ची कोट्स नावाचा माणूस पारवे मारण्यावरच पोट भरायचा. जानेवारी १९६२ मध्ये त्याने एका दिवसात ५५० पारवे पाडले. इथे त्या आकड्याचं कौतुक अजून होतं, पण सासरेबुवा सांगत होते ते वेगळंच. तो शिकारीपेक्षा जास्त वेळ नुसता बघण्यात घालवायचा. आप्पांना हे सांगायची गरज नव्हती. माळ्यावर उभं राहून भोरड्यांचे थवे न्याहाळण्यात त्यांचे किती हिवाळे गेले असतील! रानाच्या टोकाला एक उंच ॲशचं झाड होतं. त्याकडे बोट करून म्हणाले, "आधी त्या झाडावर येत्यात, दम खात्यात, मग कुपाटीच्या कडंनं खाली. वारा तिकडनं हाय तवर हीच वाट." सासरेबुवांनी दुर्बिणीतून वीस मिनिटं तपासलं आणि लपायची जागा चाळीस पावलं सरकवली.

रविवारी सकाळी साडेसहाला आम्ही हॉथॉर्नच्या कुंपणात जाळी बांधली. वारा पाठीवर घेतला. समोर डिकॉय घोड्याच्या नालेसारखे मांडले, नालेचं तोंड वारा जातो त्या बाजूला. पारवा वाऱ्याला सामोरा उतरतो, त्यामुळे तो त्या उघड्या तोंडातून मधल्या मोकळ्या जागेत येणार. डिकॉय दोन-दोन पावलांच्या अंतरावर. फार जवळ मांडले तर थवा उडायच्या बेतात गोळा झालाय असं दिसतं. माना साधारण वाऱ्याकडे, पण कवायतीला उभ्या केल्यासारख्या सगळ्या एका दिशेने नाहीत. सगळ्यात लांबचा डिकॉय पस्तीस पावलांवर, त्यापलीकडे बार काढायचा नाही. जखमी होऊन पाखरू झाडीत जाऊन मरावं, याची सासरेबुवांना मनापासून चीड होती. गळलेलं पीस न् पीस त्यांनी मातीतून वेचून घेतलं. मोकळी पिसं दिसली की पारवा सावध होतो.

पहिला थवा ॲशवरून निघाला, बरोबर कुंपणाच्या कडेने आला आणि ऐन उतरता उतरता फाटून दोन्हीकडे पांगला. दुसराही तसाच. सासरेबुवांनी आधी डिकॉय बघितले, मग फिरकी, मग मागे वळून आमच्याकडे. आप्पांच्या डोक्यावर पांढरीशुभ्र टोपी होती. परीटघडीची, प्रवासासाठी खास आणलेली. पारव्यांच्या जगात अचानक चमकलेलं पांढरं म्हणजे पळा. सासरेबुवांनी स्वतःची तपकिरी ट्वीडची टोपी काढून दोन्ही हातांनी आप्पांपुढे धरली. आप्पांनी आपली टोपी घडी करून आतल्या खिशात ठेवली आणि ती घातली.

तिसरा थवा उतरला. बार झाले. दोन पडले.

आप्पा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने सासरेबुवांनी त्यातल्या एकाच्या गळ्याखालची अन्नपिशवी चिरून दाखवली. आत रेपच्या पानांचे तुकडे मूठभर, तंबाखूच्या बारासारखे ठासून भरलेले, अजून ओले. आप्पांनी ते निरखून बघितलं. मग मला हळूच म्हणाले, "त्येचं खोटं न्हाई. पीक त्येचं जातंय. पर मला हितं बसवत न्हाई. मी पल्याडचं रान राखतो."

बंदूक त्या दिवशी मीही हातात घेतली नाही. पण मी जाळीत बसून राहिलो आणि आप्पा उठून गेले, यात बरोबर कोण हे मला आजही ठरवता येत नाही. एकरभर पीक डोळ्यांदेखत साफ झालेलं मी बघितलं होतं. सासरेबुवा एकही पाखरू वाया घालवत नाहीत, छातीचं मांस काढून ठेवतात, उरलेले ओळखीच्यांना देतात. स्टॉक डव्ह नावाचं लहानसं कबूतर दोनदा रेंजमध्ये आलं. त्याच्या पंखावर पांढरा पट्टा नसतो, ते मारायला परवानगी नाही. दोन्ही वेळा सासरेबुवांची बंदूक खालीच राहिली.

साडेअकराच्या सुमाराला टेकडीपलीकडून आवाज आला. फटाक्यासारखा, पण कोरडा. पाठोपाठ "हाऽऽ हुर्रऽऽ" अशी आरोळी, जी मी तिसरीत असताना माळ्यावर ऐकली होती. सासरेबुवा दचकून उभेच राहिले. गवताच्या गठ्ठ्यांना बांधतात ती नारिंगी सुतळी शेडमध्ये ढिगाने पडलेली होती. आप्पांनी रात्री आमची झोप लागल्यावर तिची गोफण विणली होती. आम्ही टेकडीवर चढून बघितलं. बिनडिकॉयच्या त्या तीस एकरांत एक पारवा नव्हता. ट्वीडची टोपी घातलेले आप्पा बांधाच्या कडेने चालत होते आणि त्यांच्या कोटाचा खिसा खडूच्या दगडांनी लोंबत होता.

दुपारी एक वाजता सत्तावीस पारवे मोजून सासरेबुवांनी बंदूक उघडून ठेवली आणि आप्पांसमोर हात पुढे केला. गोफण हवी होती. एक दोरी बोटात अडकवायची, दुसरी चिमटीत धरायची, डोक्यावरून दोन वेढे आणि नेमक्या क्षणी चिमूट सोडायची. तासभर दोघे त्या उतारावर होते. मी भाषांतराला गेलो नाही.

आप्पा एप्रिलमध्ये परत गेले. गोफण शेडमध्येच राहिली, फिरकीच्या शेजारच्या खिळ्याला. मागच्या आठवड्यात जावयाने एक व्हिडिओ पाठवला. तोच उतार, सासरेबुवांच्या डोक्यावरून नारिंगी सुतळी फिरतेय, सटकन आवाज होतो आणि दूरवर पारवे उठतात. मी तो मोहोळला पाठवला. आप्पांनी तीनदा बघितला म्हणे, मग फोन केला.

"मनगट आवळून धरत्यात त्ये. सैल सोडा म्हणावं."