तुम्ही विचारलंत म्हणून: मनातल्या बोलण्याने धंदा वाढतो का?

कुडाळ तालुक्यात मी कोकमावर प्रक्रिया करण्याचा उद्योग चालवते, त्यामुळे महिला बचत गटांच्या प्रशिक्षणांना मला बोलावले जाते. तिथे मीठ-साखरेच्या प्रमाणाच्या शंका संपल्या की कोणीतरी हमखास विचारते, “ताई, रोज सकाळी ‘मी यशस्वी उद्योजिका आहे’ असे म्हटल्याने खरेच फरक पडतो का?” माझे उत्तर असे की, स्वतःशी आपण काय बोलतो याचा धंद्यावर मोठा परिणाम होतो, मात्र तो परिणाम स्वतःची स्तुती करून साधत नाही, पुढच्या कामाविषयी नेमके बोलून साधतो.

मानसशास्त्रज्ञ जोआन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, ज्यांना मुळातच स्वतःविषयी कमीपणा वाटत होता, त्यांना आत्मस्तुतीचे वाक्य मनात घोळवल्याने ते न घोळवणाऱ्यांपेक्षा अधिक वाईट वाटले. मला याचे नवल वाटत नाही. कर्जाचा हप्ता थकलेला असताना “मी यशस्वी आहे” असे म्हटले की मन लगेच त्या हप्त्याची आठवण करून देते आणि दिवस त्या वादातच जातो.

आता आमच्या धंद्यातले उदाहरण घ्या. रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, पिकतात एप्रिल-मेमध्ये. त्यांच्या साली मीठ घातलेल्या रसात भिजवून पुन्हा पुन्हा उन्हात वाळवाव्या लागतात आणि हे सारे पावसाच्या आत उरकावे लागते. २०२५ साली मोसमी पाऊस २५ मेलाच देवगडपर्यंत आला. अशा वर्षी अंगणात पसरलेल्या सालींना बुरशी धरते आणि घरोघरी एकच वाक्य ऐकू येते, “आपलं नशीबच तसं.” हे वाक्य बोलणाऱ्या बाईचे दुःख खरे असते आणि त्याला मी नावे ठेवणार नाही, पण नशिबापाशी बोलणे थांबले की पुढच्या वर्षीच्या तयारीचा विषयच निघत नाही. त्याऐवजी फेब्रुवारीतच स्वतःला सांगून ठेवावे, “मेच्या मध्यावर आभाळ भरून आले, तर साली त्याच दिवशी ड्रायरमध्ये जातील आणि उरलेल्या रातांब्यांचे आगळ, म्हणजे मीठ घातलेला रस, होईल.” पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९९ साली “अमुक झाले तर तमुक करीन” अशा बांधणीच्या संकल्पांवर लिहिताना दाखवून दिले की, असे संकल्प नुसत्या इच्छेपेक्षा कितीतरी अधिक वेळा तडीस जातात. कारण साधे आहे: आभाळ भरले की काय करायचे याचा विचार तेव्हा करावाच लागत नाही.

सर्वांत अधिक नुकसान मात्र भाव सांगताना होते. महामार्गालगतच्या मांडवात गाडी थांबते, गिऱ्हाईक आमसुलांची पिशवी उचलून “वहिनी, कसे दिले?” असे विचारते, आणि आमची बाई भाव सांगून संपवायच्या आतच आवाज उतरवून म्हणते, “घरचंच आहे हो, काय द्यायचं ते द्या.” समोरच्याने घासाघीस केलेलीही नसते. परसातल्या वस्तूचे पैसे मागणे आपल्याकडे संकोचाचे मानले गेले, आणि त्या संस्कारातला जिव्हाळा मला मनापासून प्रिय आहे. तो जिव्हाळा सरबताचा पेला पुढे करून दाखवावा. भाव मात्र रातांबे, मीठ, मजुरी आणि वाळताना होणारी घट धरून आदल्या रात्री ठरवावा, तो घरात मोठ्याने म्हणून पाहावा आणि मांडवात एकदाच सांगून थांबावे. २०१६ साली सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या मालाचा भाव आपणच दबक्या आवाजात सांगितला, तर मानांकनाचा उपयोग तो काय?

मुंबईच्या व्यापाऱ्याला फोन करायचा झाला की अनेकींचा घसा कोरडा पडतो. मानसशास्त्रज्ञ ईथन क्रॉस यांच्या २०१४ मधल्या अभ्यासात, भाषणापूर्वी “मी” असे न म्हणता स्वतःच्या नावाने स्वतःशी बोलणाऱ्यांची घालमेल कमी झाल्याचे दिसले. हे मला पटते, कारण शेजारणीला आपण जो शहाणपणाचा सल्ला सहज देतो, तो स्वतःला देताना हात आखडतो.

राहिले “माका जमाचा नाय.” हे वाक्य टाळा असे मी कोणालाही सांगत नाही, मी एवढेच विचारते, “नेमकं काय जमत नाही?” मग कळते की अन्नसुरक्षेच्या नोंदणीचा अर्ज भरता येत नाही, किंवा लेबलवर कोणता मजकूर हवा ते ठाऊक नाही. मग आम्ही तिथेच सतरंजीवर बसून अर्ज उघडतो.