तिनं आधी दाखवलेले चौघे

रविवार, रात्र

दुपारपासून सर्वोच्च न्यायालयाचा ५ मार्च २०१९ चा निकाल वाचत बसलेय. नाशिकच्या खटल्याचा. फाशीची शिक्षा झालेले सहा जण निर्दोष सुटले, एवढंच तेव्हा पेपरात वाचून सोडून दिलं होतं. आज सगळा वाचला आणि स्वयंपाकावरून लक्षच उडालं.

५ जून २००३ ची रात्र. शेतातल्या झोपडीत एक कुटुंब जेवणं उरकून गप्पा मारत होतं. सात-आठ अनोळखी माणसं घुसली. लूट, बलात्कार, पाच खून. जखमी आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. पुढे सगळा खटला उभा राहिला तो या दोघांच्या डोळ्यांवर.

मला अडवलं ते पुढच्या गोष्टीनं. घटनेनंतर दोनच दिवसांनी पोलिसांनी त्या आईला सराईत गुन्हेगारांचे फोटो दाखवले. तिनं चार जणांवर बोट ठेवलं. तिचा जबाब नोंदवला गेला. आणि मग? त्या चौघांना अटक नाही, त्यांची चौकशी नाही. खटला चालला तो भलत्याच सहा जणांवर. भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे लोक. ओळखपरेडमध्ये आणि कोर्टात त्यांना ‘हेच ते’ म्हणून दाखवलं गेलं. आधीचा जबाब बाजूलाच पडला.

अशा वेळी आपण पटकन म्हणतो, साक्ष कच्ची होती. मला ते पटत नाही. दोन दिवसांपूर्वी पाहिलेले चेहरे जिच्या डोळ्यांसमोर होते, तिचं पहिलं बोलणंच सगळ्यात ताजं होतं. ते कुणी तपासलंच नाही. आणि डोळ्यांसमोर घरची माणसं मारली गेलेल्या बाईनं नंतर ओळखपरेडला उभं राहायचं, रांगेतल्या तोंडांकडे बघायचं, ते कशाच्या जोरावर? गुन्हेगार सापडलेत असं पोलीस म्हणतात, याच्याच ना. तिला खोटारडी म्हणायची माझी तयारी नाही. तिची साक्ष कच्ची केली ती तपासानं.

कोर्टांची चढउतार तर वाचवत नाही. २००६ मध्ये नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी दिली. २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम केली, तिघांना जन्मठेप. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. साक्षीदार तेच, कागद तेच. सहापैकी एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हे नंतर सिद्ध झालं. फाशी मात्र त्यालाही सुनावलेली होती!

२०१८ मध्ये तो २००९ चा निकाल मागे घेऊन न्यायालयानं अपिलं नव्यानं ऐकली आणि मग ते चार फोटो खऱ्या अर्थानं बाहेर आले. न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांच्या पीठानं तपासावर कडक ताशेरे ओढले, चुकार अधिकाऱ्यांवर कारवाई करा असं राज्य सरकारला सांगितलं, आणि सुटलेल्या प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई. तुरुंगात गेलेल्या सोळा वर्षांच्या हिशेबानं महिन्याला साधारण २,६०० रुपये पडतात. मी मोबाइलवर भागाकार करून पाहिला, दोनदा.

रात्री ह्यांना सांगितलं तर म्हणाले, “चला, उशिरा का होईना, न्याय मिळाला ना!” सहा जणांपुरतं बोलायचं तर मिळाला म्हणू. पण पाच माणसं मारली गेली, ती कुणी मारली? तिनं दाखवलेल्या चौघांपैकी कुणी असेल किंवा नसेलही. ते पाहायची वेळ जून २००३ मध्ये होती.