स्टिक की एनएस/स्टिक? टॅपिंगच्या वहीतून

बेस गिटारच्या जोडीला टॅपिंगचं, म्हणजे तारा न छेडता दोन्ही हातांची बोटं तारांवर आपटून वाजवायचं, वाद्य घ्यायचं आहे. यादी आता दोनावर आली आहे: दहा तारांची चॅपमन स्टिक, नाहीतर आठ तारांची एनएस/स्टिक. दोन्ही लाखांतलीच खरेदी, त्यामुळे घाई नाही.

एमेट चॅपमन यांनी १९६९ मध्ये लॉस एंजेलिसला दोन्ही हात दोन बाजूंनी आणून बोटं फ्रेटना (बोर्डावरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांना) समांतर ठेवायची पद्धत शोधली आणि १९७४ पासून वाद्य विकायला काढलं, हे इथं बहुतेकांना ठाऊक आहे. टोनी लेविननं ते किंग क्रिमझन या रॉक बँडमध्ये वाजवलं, हेही. माझं घोडं अडलंय ते ट्युनिंगपाशी.

स्टिकच्या क्लासिक ट्युनिंगमध्ये मेलडीच्या पाच तारा षड्ज-मध्यमात (शेजारच्या दोन तारांत सा-म चं अंतर), बेसच्या पाच षड्ज-पंचमात (सा-प चं). सर्वांत खर्जातला सी बोर्डाच्या मधोमध, आणि तिथून बाहेरच्या बाजूला जी, डी, ए, ई असं चढत जायचं. पाच तारांच्या बेसवर मोकळ्या तारांचा पल्ला २० श्रुती… नव्हे, २० सेमीटोन, म्हणजे अर्धे स्वर (श्रुतीवाले मारायला धावतील). इथं तो २८. शिवाय सा, प आणि वरच्या सप्तकातला ग एकाच हातात बसतात: दोन तारा एकाच फ्रेटवर, तिसरी दोन फ्रेट वर. हा जोड इतका ऐसपैस वाजतो की उजव्या हातानं काहीच केलं नाही तरी चालावं.

पण सरळ सप्तक चढायचं तर एका तारेवर चार स्वर घ्यावे लागतात. खालच्या फ्रेटवर वॉकिंग बेस (ठोक्यागणिक एक स्वर घेत चालणारी ओळ) वाजवताना डावा हात सारखा सरकत राहणार. बेस गिटारच्या तारा मध्यमात लावतात, त्यामुळे माझा डावा हात वर्षानुवर्षं मध्यमात मुरलेला आहे, आणि बँडमध्ये मला बोटांनी छेडून, क्वचित स्लॅप करूनही (अंगठा तारेवर आपटून) वाजवायचं असतं. स्टिक त्यासाठी बनलेलीच नाही.

एनएस/स्टिक नेड स्टाइनबर्गर आणि चॅपमन यांनी मिळून केलेली. बेससारखाच ३४ इंच स्केल (तारेची वाजणारी लांबी), छेडली तरी चालते, टॅप केली तरी. बेस-फोर्थ्स (सगळ्या तारा मध्यमात) ट्युनिंगमध्ये बी, ई, ए, डी, जी, सी, एफ, बी फ्लॅट: खालच्या पाच तारा म्हणजे माझा नेहमीचा बेस, वर तीन जास्तीच्या.

तोवर सराव मित्राच्या आठ तारांच्या गिटारवर. सगळ्या तारा मध्यमात हव्या होत्या, त्यासाठी वरच्या फक्त दोनच अर्ध्या स्वरानं चढवल्या, बी चा सी आणि ई चा एफ. टॅपिंग करणारा गिटारवादक स्टॅनली जॉर्डन सहा तारांवर हेच करतो. पहिल्या फ्रेटवर केसांचा जाड रबर गुंडाळला की मोकळ्या तारांचं गुणगुणणं बंद. ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) थोडी खडखड होईपर्यंत खाली आणली; ॲम्पमधून ती खडखड फारशी ऐकू येत नाही. २७ इंचांवर खालच्या एफ शार्पला हवं तसं अंग नाही, पण तारांमधलं अंतर उजव्या हाताला सोयीचं आहे. माझ्या बेसवर तारा इतक्या लांब-लांब आहेत की तिथं उजव्या हाताचे कॉर्ड म्हणजे निव्वळ व्यायाम.

प्रगती म्हणाल तर डाव्या हाताचा सा-प-सां रूपकात आता न बघता चालतो. उजव्या हातानं त्यावर त्रिस्वरी कॉर्ड टाकता येतात, सुटे सूर मात्र अजून डाव्याच्या ठेक्याला चिकटतात. दोन्ही हात एकदम पडले तर ठीक. उजवा ऑफबीटवर आला की डावाही त्याच्या मागे जातो. उपाय एकच सापडला: डावा वाजवत असताना उजव्याची ओळ आधी तोंडानं म्हणायची, मग बोटांवर. करंगळीचा सूर दबतो. कॉम्प्रेसरनं (आवाजातले चढउतार सपाट करणाऱ्या उपकरणानं) ही चूक झाकली जाते, म्हणून सरावात कॉम्प्रेसर बंद.

कल एनएस/स्टिककडे आहे, पण तो पंचमातला बेस डोक्यातून जात नाही. मध्यमाच्या हातानं पंचमात गेलेलं कुणी इथं असेल तर सांगा: जुना बेस वाजवताना बोटं गोंधळतात का? आणि एनएस/स्टिकवाल्यांनो, खालची बी टॅपिंगसाठी किती जाडीची लावता?