वहीतलं २०२०

गुरुवार, ३१ डिसेंबर २०२०
डोंबिवली

रात्री ११ नंतर संचारबंदी. गच्चीवरचा कार्यक्रम सोसायटीने आधीच रद्द केला, त्यामुळे जेवणं साडेआठलाच उरकली आणि मी सिनेमाची वही काढून बसलो. दर ३१ डिसेंबरचा उद्योग आहे हा. वर्षभरात काय काय पाहिलं ते मोजायचं आणि आवडलेल्यांपुढे लाल पेनाने चांदणी काढायची. एरवी आकडा पन्नास-पंचावन्नच्या पुढे सरकत नाही. यंदा ११३. त्यातले थिएटरात पाहिलेले पाच.

पाचवा ‘अंग्रेजी मीडियम’, १३ मार्च, ठाणे, संध्याकाळचा शो. मध्यंतरात सगळ्यांचे मोबाइल एकदम उजळले: मध्यरात्रीपासून थिएटरं बंद. शेजारचा अनोळखी गृहस्थ पॉपकॉर्न पुढे करत म्हणाला, “पंधरा दिवसांचा प्रश्न आहे हो.” मी त्याच्या पुड्यातले चार दाणे घेतले. हे आता लिहितानाही विचित्र वाटतंय. अनोळखी माणसाच्या पुड्यात हात घातला!

सिनेमा बेताचाच होता, त्याला चांदणी नाही. पण २९ एप्रिलला इरफान गेला आणि ते तिकीट मी वहीत डिंकाने चिकटवलं. दुसऱ्या दिवशी ऋषी कपूर. त्या दोन दिवसांच्या पानावर बाकी काहीच लिहिलेलं नाही.

इरफान गेला त्या रात्री ‘द लंचबॉक्स’ काढला. तिसऱ्यांदा. आधी दोनदा पाहिला तेव्हा जीव त्या डब्यातल्या चिठ्ठ्यांत अडकला होता. या वेळी माझं सगळं लक्ष नायिकेच्या वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकूंकडे. पडद्यावर त्या एकदाही दिसत नाहीत, नुसता भारती आचरेकरांचा आवाज आणि वरून सोडलेली टोपली. आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंनी त्याच आठवड्यात दोरीला पिशवी बांधून आमच्या गॅलरीत कोथिंबीर सोडली होती. आईने पिशवीत लिंबं घालून परत पाठवली. दीड महिन्यात दोघींची गाठ नाही, पण दोरीवरून व्यवहार चोख!

आणि तो लोकलमधला प्रसंग. एक तरुण साजन फर्नांडिसला, म्हणजे इरफानला, बसायला जागा देऊ करतो आणि आपण म्हातारे झालो हे त्याच्या लक्षात येतं. पूर्वी मला तिथे वय दिसायचं. त्या रात्री मी पॉज करून मागची माणसं बघत बसलो. खांद्याला खांदा, हाताला हात, कुणाचं कुणाकडे लक्ष नाही. पाच मिनिटं तरी तसाच बसलो असेन. माझं बिनसलं ते तिथून. पुढे वर्षभर सिनेमा बघताना गोष्ट सुटायची आणि नजर मागच्या गर्दीत जायची.

४ जूनला दिग्दर्शक बासू चटर्जी गेले. आदल्या दिवशीच ‘निसर्ग’ वादळ येऊन गेलं होतं, खिडक्यांना लावलेल्या चिकटपट्ट्या अजून निघायच्या होत्या. आईला म्हटलं, त्यांचा ‘छोटी सी बात’ बघू. १९७६ चा सिनेमा. अमोल पालेकर बसस्टॉपवर विद्या सिन्हाच्या मागे रांगेत उभा, बोलायची हिंमत नाही. आई मध्येच म्हणाली, “काय रे, किती जवळ उभी आहेत सगळी!” मी हसलो, मग हसू गेलं. ती बसची रांग, जहांगीर आर्ट गॅलरीतलं ‘समोवार’ हॉटेल, टेबलाला टेबल लागलेलं. समोवार तर २०१५ मध्येच बंद झालं, त्याचा करोनाशी काही संबंध नाही, तरी मला ते याच वर्षी बंद पडल्यासारखं वाटलं. दोन चांदण्या.

‘गुलाबो सिताबो’ १२ जूनला थेट घरी आला. एवढ्या मोठ्या हिंदी सिनेमाचा पहिला दिवस पहिला शो लुंगीवर पाहण्याची ही पहिलीच वेळ. कुकरच्या तीन शिट्ट्यांत अमिताभचे दोन संवाद गेले. फर्रुख जफर यांची बेगम मात्र अख्खा सिनेमा खिशात घालून गेली. एक चांदणी, तीही बेगमसाहेबांना.

‘रिअर विंडो’ जुलैत. पाय प्लॅस्टरमध्ये असलेला फोटोग्राफर खिडकीशी बसून समोरच्या घरांत डोकावतो, एवढंच. हिचकॉकने १९५४ च्या या सिनेमासाठी स्टुडिओत ३१ घरांचा सेट उभा केला होता. कॉलेजात फिल्म सोसायटीत पाहिला तेव्हा खून, संशय, कॅमेरा यांवर चहा पीत तासभर बोललो होतो. आता खुनात रसच उरला नव्हता. समोरच्या बिल्डिंगमधला दुसऱ्या मजल्यावरचा मुलगा रोज पाच वाजता हार्मोनियमवर तेच भूप वाजवतो, तिसऱ्यावरच्या आजोबांनी जूनपासून दाढी ठेवली, हे मला नोकरीतल्या हजेरीसारखं पाठ होतं. त्या सिनेमातही एक जोडपं आपला कुत्रा टोपलीत बसवून दोरीने खाली सोडतं. हे मला आधी आठवतच नव्हतं. आईला ओरडून सांगितलं, “टोपली!” ती म्हणाली, “कसली?” तिला सबटायटल्स वाचता येत नाहीत, ती केव्हाच उठून गेली होती.

१७ ऑगस्टला दिग्दर्शक निशिकांत कामत गेला. त्याचा ‘डोंबिवली फास्ट’ हा आमच्या गावाचा सिनेमा, त्यामुळे त्याच्याबद्दल मी निःपक्षपाती नाही. २००५ साली पाहिला तेव्हा माधव आपटेची ती चाकोरी बघून गुदमरलो होतो. तोच गजर, तीच गाडी, तीच गर्दी, आणि दुसऱ्या दिवशी मीही त्याच गाडीत. यंदा मला आपटेचा चक्क हेवा वाटला. त्याला गाडी तरी होती! आम्हा खासगी नोकरीवाल्या पुरुषांना आज वर्ष संपतानाही लोकलची परवानगी नाही. अर्थात बॅट घेऊन तोडफोड करत निघालेल्या माणसाचा हेवा वाटावा, हे काही बरं लक्षण नव्हे. पण संदीप कुलकर्णीचा तो घामेजलेला चेहरा! तीन चांदण्या.

मल्याळम ‘सी यू सून’ला एक, तीही आदराने. लॉकडाऊनमध्येच केलेला, सगळी गोष्ट फोन आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर. आमचं जगणं हुबेहूब ओळखलेला यंदाचा हाच एक सिनेमा. पुन्हा मात्र बघणार नाही. दिवसभर ऑफिसच्या मीटिंगमध्ये तेच चौकोन असतात.

५ नोव्हेंबरला निम्म्या खुर्च्यांवर थिएटरं उघडली. त्या आठवड्यात मी रिक्षाने जाऊन बाहेर उभा राहून आलो. तिकीट खिडकीवरची मुलगी हातमोजे घालून मोबाइल बघत होती. आत गेलो नाही. एक सोडून एक खुर्ची म्हणजे पॉपकॉर्न पुढे करणारं शेजारी कुणी नाही.

तिकीट आत्ता पाहिलं. कागद तसला, उडणाऱ्या शाईचा. सिनेमाचं नाव पुसलं गेलंय, तारखेतला १३ उरलाय आणि खुर्चीचा नंबर. डिंकाचा डाग मात्र पक्का.

पावणेअकरा. खाली स्कूटर लावल्याचे आवाज, घाईने जिना चढणारी पावलं. आई चष्मा पुसत टीव्हीसमोर येऊन बसलीये.

“लाव रे काहीतरी.”

“कोणता लावू?”

“कोणताही. माणसं असलेला.”