आमची वाटचाल: तांबं गेलं कुठे?

आम्ही निर्वात (हवा काढून घेतलेल्या) चेंबरांची साधनं बनवतो. सुरुवात झाली फ्लँज, म्हणजे चेंबरचे भाग जोडायच्या कडा, आणि नमुने धरायच्या होल्डरांपासून. दोघं भागीदार, एक लेथ, एक वेल्डिंग मशीन. गिऱ्हाईक म्हणजे पृष्ठभागांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळा. पहिला धडा खर्चिक ठरला: हातमोज्याशिवाय हाताळलेला होल्डर परत आला. चेंबर १५० अंशांना भाजला तरी बोटाच्या ठशातलं तेल आतल्या हवेचा दाब उतरू देईना.

मग इव्हॅपोरेटर, म्हणजे धातूची वाफ करून पातळ थर चढवायचं साधन, करू लागलो. क्रूसिबलमध्ये (मुशीत) तांबं तापवायचं, वाफेच्या वाटेतलं शटर उघडायचं, थराची जाडी क्वार्ट्झ क्रिस्टलवर बघायची. एक अणुथर म्हणजे जेमतेम ०.२ नॅनोमीटर.

एके दिवशी तक्रार आली. पॅलेडियम या धातूवर तांब्याचे तीन थर दिले होते, पण काही तासांतच मापनातला तांब्याचा सिग्नल उतरला. गिऱ्हाईक म्हणालं, तुमचा इव्हॅपोरेटर तांबं कमी टाकतो. आम्ही क्रिस्टल बदलला, शटर तपासलं, रात्री जागवल्या. दोष सापडेना. आमच्याकडच्या साध्या ऑजर मापनात (अणूंतून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवरून पृष्ठभागावरचा धातू ओळखायची पद्धत) तर तांबं जागच्या जागी!

गोम मापनातच होती. साध्या पद्धतीत काही हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एकक) ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा झोत मारतात. वरच्या काही थरांची माहिती एकत्रच येते. गिऱ्हाइकाकडे पॉझिट्रॉनचा, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या धनभारित जुळ्याचा, झोत होता, अवघ्या वीसेक इलेक्ट्रॉनव्होल्टचा. पॉझिट्रॉन पृष्ठभागाशीच अडकतो, तिथल्या अणूचा आतला इलेक्ट्रॉन घेऊन नाहीसा होतो आणि ती रिकामी जागा भरताना ऑजर इलेक्ट्रॉन बाहेर पडतो. तांब्याचा ऑजर सिग्नल ६० इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास येतो. वीसच्या झोतातून सुटणारे दुय्यम इलेक्ट्रॉन तिथवर पोचतच नाहीत. त्यामुळे मापन स्वच्छ, आणि जवळपास फक्त सर्वांत वरच्या थराचं.

उलगडा झाला तो २०१० साली म्युनिकजवळच्या गार्शिंगच्या अणुभट्टीतल्या पॉझिट्रॉन झोतावर झालेल्या कामाच्या निबंधातून. पॅलेडियमवरचं तांबं हळूहळू दुसऱ्या थरात सरकतं आणि त्याचा कालस्थिरांक (हा बदल किती वेगाने होतो त्याचं माप) सुमारे १.३८ तास. म्हणजे तांबं कुठेच गेलं नव्हतं, वरून पॅलेडियमची चादर ओढून बसलं होतं. निबंध गिऱ्हाइकाला पाठवला. माफी काही आली नाही, पण पुढची ऑर्डर आली.

तेव्हापासून प्रत्येक इव्हॅपोरेटरसोबत एक कागद जातो. त्यावर ठळक अक्षरांत: शटर बंद केल्याची वेळ लिहून ठेवा.